कथलाची फ्लेमिंगो, प्लास्टिकची फ्लेमिंगो

आमच्या खेळातल्या सोंगट्या कशाच्या करायच्या, हा प्रश्न मी घरात मोठ्याने विचारायला नको होता. धातूच्या की प्लास्टिकच्या, एवढंच मी विचारलेलं. पण माझ्या बाबांनी तीस वर्षं डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत धातूचं ओतकाम केलेलं, आणि माझ्या सासऱ्यांनी, ज्यांना मी पप्पा म्हणते, त्याच वसाहतीत दोन गल्ल्या सोडून प्लास्टिकचे साचे केलेले. इतकी वर्षं एकाच टपरीवर चहा पिऊनही दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. ओळख झाली ती माझ्या लग्नाच्या बोलणीत. पण गोडी लग्नापर्यंतच टिकली, कारण तिथे बाबांनी रुखवतात तांब्यापितळेची भांडी हौसेने मांडली आणि पप्पा ती बघून सहज म्हणाले, "छान आहेत. पण हे सगळं घासणार कोण?"

बाबा ते वाक्य विसरले नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. सणावारी एकमेकांकडे जायचे, ताटं वाढून झाली की हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि आपापल्या घरी परतायचे. बाबा कळव्याला, पप्पा कोपरीला. मधे फक्त खाडी.

खेळाचं वेड मुळात माझ्या नवऱ्याचं. आम्ही मानपाड्याला राहतो आणि शनिवारी संध्याकाळी चार मित्रमैत्रिणी जमवून जादूच्या राज्यांचे मोठमोठे पटावरचे खेळ खेळतो. ड्रॅगन, किल्ले, बर्फात हरवलेली तलवार. एकदा असाच बर्फाळ डोंगर चढताना नवरा फासे खाली ठेवून म्हणाला, "आपण आयुष्यात बर्फ बघितलाय तो फक्त उसाच्या रसातला." त्याच आठवड्यात ऐरोलीच्या पुलावरून येताना मला चिखलात फ्लेमिंगोंची रांग दिसली. सगळे एका पायावर उभे. मी घरी येऊन वहीत काढायला बसले आणि आमचा स्वतःचा खेळ तिथून सुरू झाला.

खाडीच्या तळाशी एक राज्य. मिठागराची राणी, खेकडा सरदार, चिखलाचा राक्षस, बुडालेल्या होडीचा नावाडी, आणि फ्लेमिंगोवर बसून निरोप नेणारी दूती. मी पॅकेजिंगची डिझाइन करते, त्यामुळे हाताला थोडी सवय होती. इपॉक्सीची, सुकली की दगड होणारी माती आणून मी पाचही सोंगट्या घडवल्या, प्रत्येक अंगठ्याएवढी. दूतीची फ्लेमिंगो तीन वेळा मोडून पुन्हा केली. एका पायावर उभी, दुसरा पोटाशी दुमडलेला, मान मागे वळवलेली. ती जमली त्या दिवशी मी नवऱ्याला जेवूच देत नव्हते, आधी हे बघ म्हणून.

आता या पाच नमुन्यांवरून पुष्कळ प्रती करायच्या होत्या. नवऱ्याने कपाटातून दोन सरदार काढून माझ्यासमोर ठेवले, एका जुन्या खेळातला धातूचा आणि एका नव्यातला प्लास्टिकचा. धातूचा हातात घेतला की छान गार, जड वाटायचा. पटावर ठेवताना टक्‌ असा आवाज यायचा. पण त्याचा रंग टोकांना उडालेला आणि भाला वाकडा झालेला. प्लास्टिकचा रेखीव होता, पडला तरी काही होत नव्हतं, पण हातात काही आहे असंच वाटत नव्हतं. मला ठरवता येईना. म्हणून मी दोन्ही घरी फोन केला. एकाच संध्याकाळी.

"धातू," बाबा म्हणाले. "विचारायचं काय त्यात?"

"प्लास्टिक," पप्पा म्हणाले. "व्याहीबुवांना विचारलंस का? काय म्हणाले?"

मी सांगून टाकलं. इथे माझं चुकलं.

पुढच्याच रविवारी बाबांनी मला कळव्याला बोलावलं. गॅलरीत प्लास्टरचे दोन फाकांचे साचे उन्हात ठेवलेले. नमुने त्यांनी नवऱ्याकडून परस्पर मागवून घेतलेले. एका कल्हईवाल्याकडून शुद्ध कथील आणलेलं. मी घाबरत विचारलं, "बाबा, यात शिसं नाही ना? लोक हातात घेऊन खेळणार आहेत."

"शिसं? माझ्या हातून?" ते इतके दुखावले की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

साचे चार दिवस वाळत होते तरी बाबांचं समाधान होत नव्हतं. साचा गालाला लावून बघायचे. "गार लागतोय. म्हणजे आत ओल आहे. ओल असली की धातू उसळून अंगावर येतो." आणखी दोन दिवस गेले. मग एकदाचं त्यांनी साच्याच्या आत अंगाला लावायची पावडर भुरभुरवली, दोन्ही फाका तारेने आवळल्या आणि गॅसवर आईची फोडणीची लोखंडी पळी ठेवली.

"ती पळी नका घेऊ," आई आतून म्हणाली.

"नवीन आणतो," बाबा म्हणाले. कथील पळीत बसलं, ढिलं झालं आणि एका क्षणात आरशासारखं चमकलं. मी बाबांना कामावर कधीच पाहिलेलं नव्हतं. घरी ते जरा विसराळू, चष्मा शोधत फिरणारे. पण पळी हातात आल्यावर त्यांचा हात इतका स्थिर झाला की मी श्वास रोखून बघत राहिले. एका धारेत ओतलं, थांबले, मनात काही मोजलं आणि साचा उघडला.

राणीला डोकं नव्हतं. दुसऱ्यांदा डोकं आलं, पण हात नव्हते. तिसऱ्यांदा अख्खी राणी माझ्या तळहातावर आली, अजून गरम, मुकुटाचं एकेक टोक स्पष्ट. बाबा पंख्याखाली जाऊन बसले आणि आईला म्हणाले, "चहा टाक गं."

फ्लेमिंगो मात्र नवव्या ओतकामात जमली.

ही बातमी कोपरीला पोचायला वेळ लागला नाही. पप्पांच्या एका जुन्या सहकाऱ्याची मानपाड्याला शेड आहे. तिथे हाताने दांडा ओढून चालवायचं मोल्डिंग मशीन आहे, पेनाची टोपणं आणि किचेन करायचं. पप्पा रोज रिक्षाने तिथे जायला लागले. अ‍ॅल्युमिनियमची पूड घातलेल्या इपॉक्सीचे साचे त्यांनी माझ्या नमुन्यांवरून केले. एक दिवस ऑफिसातून येताना मी शेडमध्ये डोकावले. पप्पांनी दांड्यावर सगळं वजन टाकलं, थोडं थांबले, साचा उघडला आणि चिमट्याने सोंगटी बाहेर काढली. फ्लेमिंगो हिरवीगार होती.

"मशीनमध्ये आधीचा रंग राहिलेला," ते म्हणाले. "रंगाचं सोड. पाय बघ."

पाय नव्हता. वितळलेला माल बारीक पायाच्या टोकापर्यंत पोचत नव्हता. पप्पांनी साचा आणखी तापवला, हवा जायला केसाएवढी वाट कोरली, दांडा जास्त वेळ दाबून धरला. चौथ्या दिवशी पाय आला. मी तो बोटाने वाकवला, सोडला, तर तो सरळ होऊन पुन्हा उभा. पप्पांनी मुद्दाम ती शेडच्या लादीवर फेकली. फ्लेमिंगो दोनदा उडाली आणि जाऊन ड्रमखाली बसली.

"व्याहीबुवांना सांग," पप्पा म्हणाले, "अशी फेकून बघा म्हणावं तुमची."

मी सांगितलं नाही.

ठाण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये पटावरचे खेळ खेळणारे लोक महिन्यातून एकदा जमतात. तिथे आम्हाला एक दुपार मिळाली. दोन टेबलं मांडली, एकावर कथलाच्या सोंगट्या आणि दुसऱ्यावर प्लास्टिकच्या. मी दोन्ही संच तितक्याच काळजीने रंगवलेले. आमचे दोन्ही वडील बोलावलेलं नसताना आले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पप्पा घरून खुर्चीची उशी घेऊन. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि आपापल्या टेबलामागे जाऊन बसले.

सुरुवातीला बाबांचंच राज्य होतं. जो येई तो कथलाची राणी उचलून तळहातावर तोलून बघे. "काय वजन आहे यार!" असं कोणी म्हटलं की बाबा दुसरीकडे बघायचे, पण कान इकडेच. प्लास्टिकच्या टेबलावर कॉलेजातली एक मुलगी खेकडा सरदार उचलून मैत्रिणीला म्हणाली, "गेम मस्त आहे, पण हे हातात घेतलं ना, तर बाटलीचं झाकण घेतल्यासारखं वाटतं." तिला काय माहीत कोण मागे बसलंय. पप्पांनी उशी नीट केली. नुसती नीट करत राहिले.

तिसऱ्या डावात उलटं झालं. आमच्या खेळात सगळ्यात जास्त फिरते ती दूती, म्हणजे फ्लेमिंगोची सोंगटी. कोणाचाही निरोप न्यायचा तर तीच. कथलाची फ्लेमिंगो वरून जड, खाली एकच बारीक पाय. एकाच्या बाहीचा धक्का लागला आणि ती राणीला घेऊन आडवी झाली. पाय वाकला. बाबांनी खिशातून पक्कड काढून, हो, त्यांनी पक्कड आणलेली, तो सरळ केला. पुन्हा पडली, पुन्हा सरळ केला. तिसऱ्या वेळी पक्कड लावताच पाय तुटून बाबांच्या हातात आला.

पप्पा उठले. मला वाटलं, झालं, आता हे काहीतरी बोलणार. त्यांनी ती पाय तुटलेली फ्लेमिंगो उचलली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"पिसं कशी आलीत बघा," ते म्हणाले. "साच्यात हवा कुठून काढलीत?"

"चोचीतून," बाबा म्हणाले.

"चोचीतून!" पप्पांनी मान हलवली. "मला नाही सुचलं ते."

डाव पुढे आम्ही फ्लेमिंगोच्या जागी बटण ठेवून पुरा केला.

घरी येताना माझा निर्णय झालेला. फ्लेमिंगोला बसवून टाकायचं, पाय जाड करायचा, असे पर्याय नवऱ्याने रिक्षात सुचवून पाहिले. पण एका पायावर उभी नसेल तर मग ती कशाला हवी? वाकून परत उभा राहणारा पाय हवा होता, म्हणजे प्लास्टिक. आता हे बाबांना सांगायचं होतं. मी तीन दिवस फोनच केला नाही. चौथ्या दिवशी केला आणि आईशीच बोलून ठेवला. पाचव्या दिवशी कळव्याला गेले. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते.

"बाबा, ते सोंगट्यांचं..."

"प्लास्टिक," ते पेपरातून वर न बघता म्हणाले. "पाय हातात आला तेव्हाच कळलं मला. तुला यायला पाच दिवस कशाला लागले?"

मला रडूच आलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "अगं, वेडी आहेस का? ओतकामात अर्ध्याहून जास्त माल परत भट्टीत जातो. रोज रडत बसलो असतो तर तुझं शिक्षण झालं नसतं." मग म्हणाले, "पण ती मुलगी झाकण म्हणाली ते बरोबर बोलली हं. व्याह्यांचा चेहरा पाहिलास ना? हलकं लागतं म्हणून म्हणाली ती. बैठकीत वजन हवं. चकती बसवा खाली."

"तुम्हीच सांगा ना पप्पांना."

"मी कशाला सांगू?" ते म्हणाले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. फोनवर, वीस मिनिटं. पप्पा आधी ऐकेनात. त्यांच्या मालात दुसऱ्याची चकती म्हणजे त्यांना ठिगळ लावल्यासारखं वाटत होतं. पण बाबांनी कथलाच्या दहाबारा चकत्या ओतून डब्यात घातल्या आणि स्वतःच मानपाड्याच्या शेडमध्ये जाऊन उभे राहिले. पहिली चकती साच्यात हलली आणि वाकडी बसली. मग पप्पांनी साच्यात तीन बारीक खुंट्या केल्या, बाबांनी चकतीला तीन खाचा पाडल्या. ती फ्लेमिंगो मी पटावर ठेवली तेव्हा कथलाच्या सरदारासारखा टक्‌ आवाज आला नाही, पण तिने बूड मात्र टेकलं. ढकलली की डुलायची आणि थांबायची.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोघं शेडमध्ये असतात. एक दांडा ओढतो, एक चकत्या बसवतो, दर तासाने बदली. बाबा प्लास्टिकला अजूनही "तुमचं ते" म्हणतात. आई आणि सासूबाई आलटून पालटून डबे पाठवतात. नवरा आणि मी खेळाचे मालक, पण काय चाललंय ते आम्हाला शेवटी कळतं.

मागच्या महिन्यात पन्नास खेकड्यांची पिशवी घरी आली. मी रंगवायला बसले आणि पहिल्याच खेकड्याचे पाय मोजले. दोन कमी. दुसऱ्याचेही दोन कमी. मी फोन लावला, तो पप्पांनी स्पीकरवर घेतला.

"मागचे दोन साच्यात अडकत होते," पप्पा म्हणाले. "काढून टाकले."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू ठेवा म्हणाली असतीस," मागून बाबांचा आवाज आला. "आणि चालतोय की तो. ठेवून बघ."

मी ठेवून बघितला. चांगला उभा राहत होता. मग लॅपटॉप उघडून मी नियमांच्या पुस्तिकेत एक ओळ घातली, की खेकडा सरदाराने मागचे दोन पाय फार वर्षांपूर्वी एका मोठ्या भरतीत गमावले. नवऱ्याने ती वाचली आणि म्हणाला, "हे आधीपासूनच असायला हवं होतं."