हर्राजातली फटफटी

"जिनं पाडली तिनं उचलायची," असं म्हणून बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. फटफटी मातीत आडवी, चाक अजून फिरतंय, आपलं कोपर सोलवटलेलं, आणि यांचं हेच पालुपद. तेव्हा त्यांचा राग यायचा. आता ते वाक्य आठवलं की स्वतःचाच येतो.

पोलिस ॲक्शननंतर निजामाच्या फौजेतल्या जुन्या गाड्या हर्राजात निघाल्या. तुम्ही लिलाव म्हणाल. आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांच्या तोंडी हर्राजच बसलेला. त्यातली एक हिरवी फटफटी मुलींच्या शाळेतल्या या ड्रिलच्या बाईंनी घेतली. बाई चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. हँडलला भाजीची पिशवी अडकवून त्या चिक्कडपल्लीच्या बाजारातून निघाल्या की भाजीवाल्या तराजू हातात तसाच धरून बघत राहायच्या.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. निजामाचं राज्य गेल्यावर शाळेची सुटी नुकती शुक्रवारची रविवारवर आली होती. एका शनिवारी बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी विद्यानगरच्या माळावर ये. कासोटा घट्ट घालून ये."

माळावर आम्ही चौघी जमायचो. बाई, मी, दवाखान्यातली एक तेलुगू नर्स आणि आमच्याच शाळेतली उर्दूची उस्तानी. फटफटी एकच. एकीनं चालवायची, बाकीच्यांनी धूळ खायची. उस्तानी बुरख्याची घडी करून सीटवर ठेवायची आणि त्यावर बसायची. "हौली है ये गाडी," ती म्हणायची, म्हणजे वेडी आहे, आणि आमच्यात सगळ्यात जोरात तीच हाकायची. नर्स डब्यातून पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, आणायची. माझी नऊवारी बघून ती बाईंना विचारायची, "अक्का, हे नेसायला शिकायचं की गाडी?" बाई म्हणायच्या, "आधी लुगडं. गाडी सोपी आहे."

घरी मी सूनबाई होते, वहिनी होते, काकू होते. माळावर तिघी मला नावानं हाक मारायच्या. इतकं साधं सुख मला ना माहेरी मिळालं होतं, ना सासरी. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पहिल्यांदा पडले तेव्हा बाईंनी नेहमीचं वाक्य ऐकवलं. मी चडफडत हँडल धरलं, गुडघा लावला आणि फटफटी उभी केली. बाई मागं कॅरियरजवळ उभ्या राहून हाताची माती झटकत होत्या. "उचललीस की," म्हणाल्या. मी आठवडाभर तोऱ्यात होते. चार बायांच्या वजनाची गाडी मी एकटीनं उचलली म्हणून नवऱ्यालाही ऐकवलं.

मग कुणीतरी तक्रार केली. ड्रिलची बाई लोकांच्या लेकीसुनांना माळावर नेऊन बिघडवते म्हणे. चौकशी लागली. शिक्षणखात्याच्या साहेबांनी प्रत्येकीकडून लिहून मागितलं, स्वखुशीनं जाता की बाई नेतात? नर्सनं स्वखुशीनं लिहिलं. उस्तानीची तर त्या दिवसांत नोकरीच धड राहील की नाही याची खात्री नव्हती. तिनंही सुरेख अक्षरात लिहिलं, अपनी मर्ज़ी से. माझे सासरे वकील. त्यांनी झोपाळ्यावर बसून मजकूर सांगितला, मी तो उतरवून खाली सही केली. 'बाईंनी भरीस घातलं, मला समजलं नाही.' घराची अब्रू, घराची अब्रू असं ते दोनदा म्हणाले होते. मला तेवढं पुरलं.

माझ्या त्या कागदावर बाईंची बदली आदिलाबादकडच्या एका तालुक्याला झाली. एका संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. आत यायला तयार नव्हत्या.

"अगं, एवढंच लिहून दे, की तूही आपणहून येत होतीस. बदली थांबेल."

आत झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. मी खाली बघत म्हटलं, "बाई, जिनं पाडली तिनं उचलायची. तुम्हीच शिकवलंत."

हे मी बोलले. कुणी शिकवलं नव्हतं, सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. वाक्य आयतं हाताशी होतं, तेच फेकलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

मी खिडकीशी गेले. गल्लीत नळासाठी खणलं होतं. त्या भुसभुशीत मातीत गाडी वळवताना चाक घसरलं आणि फटफटी आडवी झाली. बाई वाकल्या, हँडल धरलं, गुडघा लावला, अगदी आम्हाला दाखवायच्या तसा. गाडी वीतभर उठली आणि परत पडली. दुसऱ्यांदा तेवढीही उठली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता हात लावला आणि सीटला धरून तिथंच बसल्या.

तेवढ्यात एक टांगेवाला टांगा सोडून आला. त्यानं मागं जाऊन कॅरियर धरलं, बाईंनी पुढून जोर लावला, आणि गाडी उभी राहिली. मग टांगेवाल्यानं हाताची माती झटकली, माळावर बाई झटकत होत्या तशीच.

ती गाडी एकटीला उचलण्यासारखी नव्हतीच. कुणालाच.

बाईंनी वर पाहिलं नाही. किक मारली आणि कोठी भागाच्या दिशेनं निघून गेल्या. मी खिडकी लावून घेतली आणि सासऱ्यांना चहा नेऊन दिला.