टेकडी फुटत असताना

आमच्या पर्यावरण संस्थेच्या विश्वस्तांची बैठक सुरू होती. आम्ही सगळे बिनपगारी, बहुतेक निवृत्त. जी टेकडी वाचवायला इतकी वर्षं धडपडलो, तिचा खटला आम्ही हरलो होतो आणि समोरच यंत्रं ती फोडत होती. धूळ आत येऊ लागली, तशी मी खिडकी लावायला उठले.

"राहू दे उघडी," अध्यक्ष असलेले देशमुखसर हळूच म्हणाले. "शेवटपर्यंत सोबत राहू."

मी परत येऊन बसले. घरातलं माणूस जायच्या वाटेवर असतं, डॉक्टरांचे उपाय संपलेले असतात, तरी आपण उशाशी बसून राहतोच. त्याने कुणी वाचत नाही. पण जाणारं एकटं जात नाही.

थोड्या वेळाने सरांनी पुढचा विषय वाचायला घेतला, नदीकाठच्या झाडांचा. उघड्या खिडकीतून यंत्रांची घरघर येत होती, तरी त्यांनी तो विषय पूर्ण वाचला.