दगडामागचं झोपलेलं पाणी

रोहिदासला पाण्यातलं कुणी शिकवायला गेलं की त्याच्या कपाळावरची शीर टरारून फुगायची. बाकी कशातही शिकवा. राजकारणात शिकवा, भातशेतीत शिकवा, बायकोशी कसं वागायचं ते शिकवा, तो बिडी ओढत ऐकून घेईल. पण पाण्याचं नाव काढलं की संपलं. "मी पाटकऱ्याचा पोर हाय," म्हणून समोरच्याला उभा कापायचा.

खोटं नव्हतं ते. त्याचा बाप आबाजी कालव्यावर पाटकरी होता. उन्हाळी भाताला कुणाच्या खाचरात कधी पाणी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे आबाजीच्या खांद्यावरचं फावडं ठरवायचं. त्याच्या मागं मागं रोहिदास बांधावरून चालायला शिकला. वरच्या कोपऱ्यातून पाणी घ्यायचं, समोरच्या कोपऱ्यातून खालच्या खाचरात सोडायचं. पाणी शांत पाहिजे, रोप हललं नाही पाहिजे. सातवीला शाळा सुटली, पण ही अक्कल डोक्यात बसली ती बसली. पुढं नळजोडणी शिकला आणि तीस वर्षं कर्जतपासून खोपोलीपर्यंत इतक्या बंगल्यांत, इतक्या हॉटेलांत पाइप टाकले, की जमीन उलटी केली तर सगळीकडं रोहिदासचीच मुळं दिसतील.

तर कोंडाण्याच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी, मुंबईच्या एका शेठनं बंगला बांधला. दिवाणखान्यात बारा फूट लांब आणि चार फूट उंच काचेची टाकी उभी केली. गोड्या पाण्याची नाही हां, खाऱ्या पाण्याची. गोण्यांनी मीठ आलं, आमच्या घरातलं नव्हे, समुद्र बनवायचं वेगळं मीठ. टेंपोतून दगड आले, वाळू आली. गावात हसून हसून पुरेवाट. "आता कोंडाण्याला बंदर होनार, रोहिदास! होडी घे एक!"

रोहिदासनं मनावर घेतलं नाही. काम मोठं होतं आणि शेठनं फोनवर एकच सांगितलं होतं, पाणी आरशासारखं दिसलं पाहिजे. ते तर त्याच्या हातचं होतं. टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी, तिच्यात गाळणी आणि मोटर. मोटर पाणी वर चढवणार, डाव्या कोपऱ्यातून आत सोडणार, उजव्या कोपऱ्यातून ते खाली उतरणार. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. पाइपाचं तोंडही त्यानं पाण्याच्या खाली बुडवलं, म्हणजे वर तरंग उठायला नको. मोटर चालू केली तर वरचं पाणी इतकं निवांत, की छताच्या पंख्याची पाती त्यात मोजून घ्यावीत. बंगल्याचा मॅनेजर मनोज, हा रोहिदासच्याच गावचा, पण शर्ट खोचायला लागल्यापासून आवाज बदललेला, तोसुद्धा म्हणाला, "काका, मानलं तुमाला."

टाकीची निगा नवशाकडं होती. वरच्या ठाकूरवाडीतला, चाळिशीचा, दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. काच पुसायची, खाणं टाकायचं, मेलेलं काही दिसलं तर जाळीनं काढायचं. मासे आल्यावर चौथ्या दिवशी रोहिदास एक गळती काढायला गेला होता. तो कपाटात डोकं घालून वायसर आवळत होता आणि नवशा मागं उभा राहून काहीतरी सांगत होता. रोहिदासनं त्याला फटकारून घालवला. काय बोलला तेही त्याच्या डोक्यात राहिलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी टाकीतले सगळे मासे मेले. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, सगळे पोट वर करून त्या आरशावर.

रोहिदासला हे कळलं कर्जतला, रिक्षा स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, आणि सांगितलं खुद्द नवशानं. तो साजगावला एका कारखान्यात हमालीचं विचारायला निघाला होता.

"काडून टाकलं मला, दादा."

"का रं?"

"मनोजभाऊ बोलला, तुजे हात घान. जंगलातनं येतोस, हाताला काय काय लागलेलं आसतं, तेच पान्यात गेलं नि मासं मेलं. शेठला पन तसंच सांगितलं."

"नि तू ऐकून घेतलंस?"

नवशानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "बोलून काय? बोललो तवा कोन ऐकतंय?"

एवढं बोलून तो निघून गेला. रोहिदासनं हातातला चहा टाकून दिला आणि मोटारसायकलला अशी लाथ मारली, की टपरीवाला म्हणाला, "तिचा काय गुना हाय?"

बंगल्यावर पोचला तो थेट मनोजच्या अंगावर. "मन्या, हात घान म्हनालास? तुजी आजी त्याच वाडीच्या बायांनी आनलेल्या मधावर जगली! खोकला गेला नव्हता म्हातारीचा, तवा नाय दिसले हात?"

"काका, हळू बोला, क्यामेरे हायत."

"आसू देत! शेठला दिसू दे माजं थोबाड! दीड हजार गॅलन पान्यात एका मानसाचे हात बुडाले म्हनून चाळीस मासे मरतात व्हय? तू आंगोळ केलीस तर विहीर बाटंल मग!"

"मग कशानं मेले? तुमी सांगा. पानी तर तुमचंच हाय ना?"

हा टोला बसला. रोहिदास पाय आपटत निघाला, आणखीच पेटून.

दुपारी जेवायला बसला तेव्हा भाकरीपेक्षा शिव्याच जास्त चावत होता. बायको पारू समोर बसून ऐकत होती. पारू पेणकडची, खारेपाटातली. बापाची शेती खाडीच्या बांधाला लागून. लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी आमच्याकडच्या पाण्याला ती "गोडं पानी" म्हणते, जणू दुसरं काही खरं पाणी असतं.

"अवो, त्या टाकीत पानी येतं कुटून नि जातं कुटं?" तिनं विचारलं.

"एकीकून येतं, दुसरीकून जातं. आनखी कसं जानार?"

"नि परत?"

"परत काय? तसंच."

"खाऱ्या मासळीला?" पारूनं डाळ वाढता वाढता हात थांबवला. "खाडीला पानी एकाच वाटेनं कंदी गेलंय? सा तास भरतं, सा तास उतरतं. येताना दगडाची ही बाजू धुतं, जाताना ती धुतं."

"मला पानी शिकवू नको, पारू."

"शिकवत नाय. आमच्या बांधाला उघाडी हाय ना, लाकडी फळीची. भरतीला आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. एक वर्सी फळी गाळानं अडकली. आतलं पानी जागच्या जागी ऱ्हायलं. आठ दिसांत खाली काळा चिखल नि कुजक्या अंड्यासारका वास. निवट्या मासळ्या पन उलट्या पडल्या, नि निवटी तर चिखलातच जगते."

"झालं तुज्या खाडीचं पुराण?"

"झालं. डाळ घ्या."

त्यानं ताट सारलं. रागानं उठला, पण हात धुताना मोरीकडं बघत राहिला. पाणी गोल फिरून जात होतं आणि मोरीच्या कोपऱ्यात भाताची दोन शितं जागच्या जागी होती. तांब्याभर पाणी ओतलं तरी हलली नाहीत.

"पारू, लोकर हाय का गं घरात?"

"कशाला?"

"हाय का ते सांग!"

जुन्या स्वेटरचा लाल धागा त्यानं बांबूच्या लांब काडीला बांधला आणि पुन्हा बंगला गाठला. मनोज हसला, "काका, गळ टाकताय? मासे तर संपले."

रोहिदास स्टुलावर चढला. टाकीत पाणी होतं आणि मोटरही चालूच होती. डाव्या कोपऱ्यात काडी बुडवली, धागा आडवा झाला, ताठ. मधोमध धरली, धागा वाऱ्यावरच्या झेंड्यासारखा. उजवीकडं तसाच. मग मोठ्या दगडांच्या मागं धरली.

धागा खाली लोंबला. मेलेल्या गांडुळासारखा सरळ खाली.

त्यानं काडी पुढं सरकवली, मागं सरकवली. चार फूट जागा, आणि धागा हालायचं नाव घेईना. काडीच्या टोकानं वाळू उकरली तर खालून काळी रबडी वर आली. जरा वेळानं वासही आला. कुजक्या अंड्याचा. माश्यांची घाण, उरलेलं खाणं, सगळं एकोणीस दिवस त्या दगडामागं गोळा होऊन कुजत होतं. आणि वरचं ते आरशासारखं पाणी? त्याला कधी वारा लागलाच नव्हता. तळाला विष आणि वर झाकण. दोन्ही रोहिदासच्या हातचं.

स्टुलावर उभ्या उभ्या त्याला तो चौथा दिवस आठवला. तो कपाटात वाकलेला, आणि मागून नवशाचा आवाज. आता शब्द न् शब्द आठवला.

"दादा, त्या दगडामागं पानी झोपलंय. आमी व्हाळात मासं धरतो ना, आसल्या जागंत मासा ऱ्हात नाय."

आणि आपण काय म्हणालो ते पण आठवलं. "तुला रं काय कळतं पान्यातलं? काच पूस, जा."

रोहिदासनं ती काडी गुडघ्यावर घेऊन मोडली. मनोज दोन पावलं मागं सरकला.

"काय झालं, काका?"

"मासं मी मारलं. माज्या पाइपानं मेलं."

मनोजनं आधी दाराकडं बघितलं, मग आवाज बारीक केला. "बोललात ते बोललात. शनवारी शेठ येतोय, नवीन मासं येनार. जे काय नीट करायचं ते करून टाका नि गप ऱ्हावा. नवशाचं काय, त्याला दुसरीकडं काम मिळंल. तुमचं नाव कशाला खराब करून घेता?"

वाट सरळ होती. कुणाला काही कळणार नव्हतं. तीस वर्षांचं नाव, आणि शेठच्या ओळखीतले आणखी चार बंगले. मनोजचं बोलणं रोहिदासला क्षणभर गोडही लागलं, आणि ते गोड लागलं याचीच त्याला शिसारी आली.

"नवशाला बलाव," तो म्हणाला. "शेठसमोर. तू नाय बलावलास तर मी बलावतो, नि मग क्यामेऱ्याकडं तोंड करून बोलंन."

दोन दिवस तो टाकीत कोपरापर्यंत हात घालून होता. काळी वाळू काढली. दगड मागच्या काचेपासून सुटे करून मांडले. पाइपाचं तोंड वर उचललं, पाणी वरून खळबळत पडेल असं. मुंबईहून पाण्यात चालणारे दोन पंखे मागवले, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि घड्याळाचं बटण लावलं. आधी एक चालणार, मग तो थांबून दुसरा. भरती, ओहोटी. पारूचं नाव त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण घरी जाऊन सांगितलं, "तुजी उघाडी बसवली." ती म्हणाली, "आदीच बसवायची," आणि त्याला पुन्हा राग आला.

शुक्रवारी वाडीवर चढला. नवशा अंगणात कुडाची काठी बांधत होता. त्यानं उठून पाणी दिलं, पण बस म्हणाला नाही.

"तू बोलला होतास," रोहिदास म्हणाला. "मी ऐकलं नाय."

"हां."

"उद्या ये. शेठसमोर सांगनार हाय."

"कामाला नाय येनार, दादा. साजगावला लागलोय, सोमवारपासनं."

"कामाला नको येऊस. पानी बगाया ये."

नवशानं गाठ आवळली. मग पुढची काठी उचलली.

शनिवारी शेठ सोफ्यावर, नवे मासे प्लास्टिकच्या पिशव्यांत दाराशी, आणि दारातच नवशा, बाहेर चपला काढून. रोहिदासनं सांगायला सुरुवात केली. पाइप, दगड, चिखल, सगळं. आवाज चढतच गेला, जणू शेठच गुन्हेगार होता. शेवटी म्हणाला, "ह्या मानसानं चवत्या दिवशी सांगितलं होतं. मी हाकलला. मन्यानं घान म्हनून काडला. चूक माजी, शिक्षा ह्याला."

शेठनं फोनवरून मान वर केली. "ठीक है ना, हो गया. नया माल डालो अभी."

बस. एवढंच. चाळीस मासे, एका माणसाची लाज, तीस वर्षांचं नाव, आणि शेठला "हो गया". रोहिदासच्या तोंडात शिवी आली ती त्यानं जिभेवरच धरली, कारण नवशा आत येत होता.

नवशा टाकीपाशी आला. बाही वर केली आणि सगळ्यांदेखत हात कोपराच्या वर पाण्यात घातला. धागाबिगा काही नाही, नुसती बोटं पसरून. पंखा बदलेपर्यंत थांबला, पुन्हा हात फिरवला. मोठा दगड, लहान दगड, मागची काच. मग उजव्या टोकाला, तळाशी थांबला.

"हितं आजून झोपलंय, दादा."

रोहिदासच्या कपाळावरची शीर टरारून फुगली. दोन दिवस कंबर मोडून काम केलं होतं. मनोज गालात हसला. रोहिदासनं दात खाल्ले, स्टूल ओढलं, वर चढला आणि पंखा वीतभर खाली वळवला.

"आता?"

"आनखी वाईच."

त्यानं आणखी वळवला.

"हां. जागं झालं."

नवशानं हात बाहेर काढला. खारं पाणी कोपरावरून गुळगुळीत फरशीवर टपटपत होतं. त्यानं मनोजकडं बघितलं.

"हात पुसाया काय हाय का, भाऊ?"

मनोजनं शेठकडं बघितलं, शेठ फोनमध्ये. रोहिदासकडं बघितलं, तर तो स्टुलावरून खाली वाकून त्याच्याच तोंडाकडं बघत होता. मनोजनं खिशातून स्वतःचा इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला आणि पुढं केला.

नवशानं सावकाश, एक एक बोट पुसलं. रुमाल परत मनोजच्या हातात ठेवला, दारात चपला घातल्या आणि वाडीच्या वाटेला लागला.