उसवलेला देवमासा

सरकीचा वास आला की मेहरूणचं ते प्रदर्शन आठवतं. नॉर्वेत काही वर्षं राहून आलेली एक बाई तिथल्या आठवणींतून कापडी शोभेच्या वस्तू शिवायची. मफलर गुंडाळलेला देवमासा, पायमोजे घातलेली मेंढी. मी स्वदेशीची पत्रकं वाटत होतो. ‘आत परदेशी पॉलिस्टरच भरलेलं असणार,’ असं लोकांना ऐकवत मी देवमासा उचलला. ‘तो विकायचा नाही,’ ती म्हणेपर्यंत मी शिवण उसवली होती. आतून सरकीसकट कापूस सांडला. ती हळूच म्हणाली, ‘मना बापनी तिकडे धाडेल शेवटना कापूस शे हाऊ, भाऊ.’ तिच्या वडिलांनी नॉर्वेला धाडलेला शेवटचा कापूस होता तो, आणि माफी मागायची सोडून मी तिच्या हातात पत्रक दिलं. तिनं सांडलेला कापूस वेचून त्या पत्रकातच बांधला. ते पत्रक मीच लिहिलं होतं, आणि त्याचा याहून बरा उपयोग मला आजही सापडलेला नाही.