काठी आपटून उघडायचं झाकण

भाचीच्या बाळंतपणासाठी मी तळेगावला गेले होते. परत आले, तर लोणावळ्याच्या फलाटावर आमची दूधवाली येसू उभी. ती एरवी स्टेशनात कधी यायची नाही. "वैनी, मावशी गेल्या," ती म्हणाली. "बागंत पडल्या त्या उठल्याच न्हाईत. हातात काठी तशीच व्हती." मावशी म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, आमच्या वन्सं. याला आता दीड महिना होईल.

लग्नानंतर आम्ही दोघं त्यांच्याच घरी राहायला आलो. त्या विधवा, एकट्या. परसात नुसता मुरूम, त्यात इथला पाऊस माती टिकू देत नाही. तरी भाजीची देठं नि पालापाचोळा वन्सं जाळून टाकत. मला वाया जाणारं बघवत नाही. मी म्हटलं, खताचा खड्डा करू.

"आषाढात त्यात बेडूक पोहतील, रमा."

"मग जमिनीवर ढीग घालू."

त्या उठून आत गेल्या...

कारण येसूकडून कळलं. प्लेगच्या साली परसात असाच ढीग होता. वन्संच्या मुलाला त्यात मेलेला उंदीर सापडला. "पोरानं काठीवर उचलून आईला दावाया आणला. लय हसत व्हतं, वैनी." पुढं गाव रिकामं झालं, लोक माळावर झोपड्यांत गेले आणि मुलगा तिथंच प्लेगनं दगावला. हिच्याच ढिगानं उंदीर बोलावले, असं शेजारणी म्हणाल्या.

मी वन्संना समजावलं, "उंदीर तर सगळ्या पेठेत होते."

"पेठेचं पेठ जाणे. माझ्या ढिगात शिळा भात होता."

विषय तिथंच मिटला. पण एका पावसाळ्यात उरलीसुरली माती वाहून गेली, तोंडलीचा वेल मुळं उघडी पडून लोंबू लागला. वन्सं बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाताचं एक शीतही पडणार नसेल, तर कर."

दगडांवर कारवीच्या काठ्यांचा पिंजरा उभा केला, वर पत्र्याचं झाकण. खालून वारा खेळता, वरून पाऊस बंद. आत पाला, शेण, भाजीची देठं. उष्टं-शिळं सगळं येसूच्या म्हशीला. कोरड्या गावात खड्डा चांगला, ओल धरतो. आमच्याकडे मात्र हीच रीत मानवते. खत काळं, भुसभुशीत झालं आणि तोंडली पुन्हा धरली. पण झाकण उचलण्याआधी वन्सं पिंजऱ्यावर काठी आपटत आणि क्षणभर थांबत. येसू थट्टा करी, "मावशी, आत पावना हाय का कोन?" वन्सं हसत नसत.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाल्यावर कुणीतरी, खतच होईल म्हणून, उष्ट्या पत्रावळी भातासकट त्या पिंजऱ्यात लोटल्या. मी पदर खोचला आणि पाला उपसायला बसले.

"ऱ्हाऊ द्या वैनी," येसू म्हणाली. "आता कोन बघतंय?"

मी पाला उपसतच राहिले. थोड्या वेळानं तीही शेजारी बसली. पाला चाळून आम्ही शीत न् शीत वेचलं.

काठी तिथंच टेकवलेली असते. मीही आधी ती आपटते, थांबते, मग झाकण उचलते. आतून काही निघत नाही. वन्संच्या हयातीतही कधी निघालं नव्हतं... तरी त्या रोज आपटत.