शुक्रवारचा ठिपका

आमच्या गल्लीतला लूमचा मिस्त्री एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. मनगटात काच घुसून त्याचा मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला, तरी तर्जनी बधिरच राहिली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून जाब मला.

"सर, आमी तुटल्या धाग्याला गाठ मारतो, लूम लगेच चालू व्हतो. माझं बोट का न्हाय?"

मी म्हणालो, "टाक्याच्या पुढचा तंतू मेलेला असतो. नवा तिथून वाढत जातो, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. त्याच्या वाढत्या टोकावर टकटक केली की मुंग्या येतात."

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. त्या दिवशी तो चहाच्या टपरीवर बसून दुसऱ्या हाताने मनगटापासून पुढे टकटक करी आणि मुंग्या येतील तिथे पेनाने ठिपका काढी. महिनोन्महिने सरकत ठिपका तळहात ओलांडून बोटावर चढला. कुणी हसलं तर म्हणे, "नस येतेय. वाटेत हाय." मलाच धास्ती वाटे, माझं पुस्तकी गणित चुकलं तर?

परवाच्या शुक्रवारी त्याने उकळत्या चहाचा ग्लास मुद्दाम त्याच बोटाने धरला. पूर्वी असंच करताना न कळता दोनदा फोड आले होते. या वेळी हात झटकन मागे आला, ग्लास फुटला. मज्जारज्जूने हात ओढून घेतला होता. मेंदूला बातमी क्षणभराने पोचली आणि मिस्त्री टपरी हादरेल असा ओरडला, "भाजलं! सर, भाजलं!"

चहावाले चाचा फडकं घेऊन धावले. मिस्त्रीने त्यांनाच मिठी मारली.

"चाचा, सबको चाय! मेरेको एकदम गरम!"