धार बायकोची, प्रमाणपत्र नवऱ्याचं

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

गाईंच्या निगेवरचे माझे व्हिडिओ बघून वडगाव निंबाळकरला वर्ग घ्यायला बोलावलं होतं. समोर सगळे पुरुषच.

मी विचारलं, "तुमच्या गाईचा कुठला सड दूध कमी देतो?"

पुढं बसलेल्या तात्यांनी बायकोला फोन लावला. तिकडून आवाज आला, "मागचा डावा. पण मलाच का न्हाय बोलावलं?"

संयोजक म्हणाले, "मॅडम, डेअरीचे सभासद हेच हायेत. प्रमाणपत्रंबी यांच्याच नावानं छापलीत."

मी माईक खाली ठेवला. "घरी जावा, आजची धार तुमी काढा. बायकांना पाठवा, मग शिकवते."

तात्या एकटेच उठले. बाकीचे प्रमाणपत्र घेऊनच हलले.

सांगा, उद्या कास सुजली की गाईला प्रमाणपत्र दाखवायचं का?